हौदाला कुलूप आणि तीन मजली शिंकं

२ मार्च
मेली. पत्र्याच्या डब्यांतली सातही रोपं मेली. हापिसातून आले, डब्याला हात लावला तर चटकाच बसला. माती उकरून बघितली, आत मुळं शिजलेली. शिजलेलीच, दुसरा शब्द नाही. उमरीला हेच डबे होते, हीच मी होते, काही झालं नव्हतं. पण तिथं अंगणात लिंबाची सावली होती. इथं वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, पुढं चिंचोळी गॅलरी, आणि दिवसभर तोंडावर ऊन. नव्या जिल्ह्याला बदली झाली आणि अक्कल उमरीलाच राहिली.

सा.बा. (सासूबाई) म्हणाल्या, "रडतीस कामून? रोपटीच हायती. हितं मानसं शिजून ऱ्हायलीत."

रडत नव्हते. चिडले होते.

५ मार्च
नळ येऊन आज सहा दिवस. हे गाव जिल्हा झालं, पाट्या बदलल्या, साहेब आले, पाणी तेवढं आलं नाही. हापिसात अजून जुन्या जिल्ह्याचाच शिक्का. तो मारायचा, वर काट द्यायची, हातानं 'लातूर' लिहायचं. माझं अर्धं काम तेच.

पाणी खालच्या हौदातलं. हौद घ.बा.चा. घ.बा. म्हणजे घरमालकीणबाई. तिचं नाव लिहायची माझी इच्छा नाही. पहिल्याच दिवशी आडनाव ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हौदात हात घालायचा न्हाई. घागर खाली धरा, म्या वतून देते. सकाळच्याला दोन घागरी." वतते मात्र इमानानं, काठोकाठ. ते खोटं लिहिणार नाही.

सा.बा. घागर धरून खाली वाकतात. म्हणतात, जल्मभर आसंच धरलंय, सवय हाय.

मला नाही.

पण बोलले नाही. एक महिना खोल्या शोधल्यात या गावात. सगळं हापिस खोल्या शोधत फिरून राहिलंय. आमचं आडनाव ऐकलं की खोली कालच दिलेली असते. हे (आमचे मास्तर) किनवटकडं आश्रमशाळेवर, सुट्टीतच येणार. म्हणजे इथं मी, सा.बा. आणि मेलेले सात डबे.

११ मार्च
कुंभारगल्लीत गेले होते. मागं फुटक्या माठांचा ढीग. वरून फुटलेले, खालचं बूड शाबूत. पसरट, खोलगट, कटोऱ्यासारखं. म्हटलं, हे घेऊ का? कुंभारीण म्हणाली, "न्या की बाई, सगळा ढीग न्या, मला तरी जागा व्हईल." पोत्यात नऊ बुडं भरून रिक्षानं आणली.

माती पाझरते, पाझरलं की गार राहते. माठातलं पाणी का गार असतं हे पोराला कळतं. मला चाळिशीत कळलं.

खालच्या खोलीत रहीमचाचांचं शिलाईचं दुकान. पोतं बघून म्हणाले, "बाई, फुटे मटके का क्या करते?" म्हटलं, बाग. मान हलवली आणि परत शिलाई चालू.

१३ मार्च
शिंकी. सा.बा.नी तीन दिवसांत सुतळीची नऊ शिंकी विणली. लहानपणी दुसऱ्याच्या घरच्या दुधासाठी विणायच्या म्हणे. "आता रोपट्याला इनते. म्हातारपनी परमोशन."

माती: थोडी काळी, थोडी वाळू, कुजलेलं शेणखत, नारळाचा काथ्या. वर दालमिलच्या मागून आणलेली तुरीची फोलपटं दोन बोटं जाड. माती झाकली की ऊन तिला बघत नाही.

लावलं: सदाफुली, पानओवा, कोरफड, चिनी गुलाब. सा.बा.चा हट्ट म्हणून पुदिना. पुदिना जगायचा नाही. सांगितलं. ऐकत नाहीत.

२० मार्च
आज डोकं चाललं!!

एका वाशाला एकाखाली एक तीन शिंकी, अशा तीन माळा. वरच्यात पाणी घातलं की जास्तीचं बुडाला पाडलेल्या भोकातून मधल्यात, मधल्यातलं खालच्यात. एका तांब्यात तीन कुंड्या. पण वाऱ्यानं थेंब उडत होते, अर्धे रस्त्यावर. रहीमचाचांकडून सुती कापडाच्या चिंध्या आणल्या, भोकातून ओवून खालच्या मातीत टोक सोडलं. पाणी चिंधी धरून सरळ उतरतं. थेंब वाया नाही. वर सदाफुली, मधे चिनी गुलाब, तळाला एका माळेत पुदिना, दुसऱ्या दोन माळांत पानओवा आणि कोरफड.

चाचा वर बघून म्हणाले, "तीन मजला! कलेक्टर का बंगला बी इत्ता ऊंचा नै."

पाणी कुठलं? तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, हात धुतलेलं. साबण बंद, डाळीचं पीठ लावायचं. सा.बा. आता मोठ्या घमेल्यात बसून आंघोळ करतात. म्हणतात, राणीवानी वाटतंय. ते पाणी गाळून कोरफडीला. हौदातलं ताजं पाणी झाडाला एक थेंबही घालायचा नाही, हे मी स्वतःशी ठरवून टाकलंय. कुणी बोट दाखवायला नको.

२ एप्रिल
पुदिना जगला. सा.बा. दिवसातून चारदा माझ्यापुढून पुदिना हुंगत जातात.

१४ एप्रिल
हार विकत आणला नाही. फोटोपुढं घरची सदाफुली, पांढरी आणि गुलाबी. सा.बा. पांढरं लुगडं नेसून बसल्या. दहाच्या सुमाराला चिनी गुलाब उमलला, तिन्ही माळा एकदम, लाल, पिवळा, राणी. रस्त्यावरून जाणारे मान वर करून बघून राहिले. सगळं गाव करपलंय, झाडांवर धूळ, आणि आमच्या गॅलरीत हे! छाती भरून आली. कुणाला दाखवू? ह्यांना लांबलचक पत्र लिहिलं, त्यात निम्मं पुदिन्याचं.

२० एप्रिल
घ.बा. अंगणात उभी राहून आमच्या गॅलरीकडं बघत होती. हसले. हसली नाही.

२२ एप्रिल


सकाळी पाण्याला गेलो तर घ.बा.नं घागर भरलीच नाही. गल्लीतल्या चौघी बायका पाण्याला उभ्या होत्या. म्हणाली, "हौद रोज चार बोटं उतरतो. म्या मोजून देते, तरी उतरतो. कुटं जातंय पानी? वर बगा की. अख्ख्या गावात हिरवं न्हाई अन् हिच्या घरी जंगल. हिरवं हाय तितंच पानी मुरतंय."

मी म्हटलं, "म्हणजे मी चोरते?"

"म्या नाव घेतलं न्हाई."

"नाव घ्यायचं ठेवलंत काय?"

मग तोंडानंच म्हणाली. मे संपायच्या आत खोली खाली करा.

मला लाज नाही वाटली. राग आला. ज्या हौदाला हात लावू देत नाही, त्याची चोरी माझ्या हातानं! दोन्ही एकदम कसं होईल, बाई? हे तिला तिथंच विचारायला हवं होतं. जिना चढताना सुचलं.

 दुपारी सा.बा. म्हणाल्या, "उमरीला जाऊ दे मला. तू एकली कुटंबी ऱ्हाशील." त्यांना उमरीला कोण आहे? कुणी नाही.

२३ एप्रिल
आज खाली गेले आणि सगळ्यांदेखत बोलले.

"काकू, हौदाला कुलूप लावा. किल्ली तुमच्या कमरेला. रोजच्या दोन घागरी तुम्ही वतून द्या, वर एक थेंब नको. आणि माझी झाडं बघत राहा. चोरीच्या पाण्यावर असतील तर पंधरा दिवसांत वाळतील. जगली तर?"

"जगली तर बगू."

"बगू न्हाई. जगली तर आम्ही राहणार. वाळली तर तुम्ही म्हणायच्या आधी मी खोली खाली करीन."

रहीमचाचा दुकानातून बाहेर आले, गळ्यात टेप. "मैं गवाह."

दुपारी लोहार आला, हौदाच्या पत्र्याच्या झाकणाला कडी बसवली. कुलूप चांगलं मुठीएवढं. कोळशानं आत पाण्याच्या पातळीची रेघ मारून घेतली मी, तिच्याच देखत. मारताना तिनंच झाकण धरलं.

२७ एप्रिल
हे आले! आश्रमशाळेला सुट्टी लागली. पिशवीत किनवटची चारोळी, सा.बा.ना चादर, आणि एक डबा ऑइलपेंट. हॉस्टेलची दारं रंगवून उरलेला, गडद हिरवा. म्हटलं, हा कशाला? म्हणे असू दे, कामाला येईल.

कुलपाचं सगळं सांगितलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "कुसुम, तुझी झाडं वाळणार नाहीत." बरं वाटलं.

२९ एप्रिल
हापिसातून आले तर हे माझी वाट बघत जिन्यात उभे, नाकाला हिरवा रंग. नऊच्या नऊ खापरं रंगवलेली! गडद हिरवी, चकचकीत. वर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. "फुटकी खापरं टांगलीस, लोकांना भिकाऱ्याचं वाटलं असेल. म्हटलं, आता तर सगळं गाव बघून राहिलंय, शोभा आली पाहिजे." चिंध्यांनासुद्धा रंग लावलेला. मला हसूच आलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, या माणसानं कधी गजरा आणला नाही, आणि आज उन्हात बसून नऊ खापरांवर ठिपके काढले.

छान दिसून राहिलंय, खरंच.

३ मे
सदाफुलीनं माना टाकल्या. ऊन फार आहे आज.

४ मे
ऊन नाही. काहीतरी आहे. मधला चिनी गुलाब दहाला उमललाच नाही. खालचा पुदिना करकरीत वाळला, हातात चुरा झाला. वरची सदाफुली पिवळी, बुडाशी काळी. पाणी तेवढंच घालते, तीच वेळ, तेच हात.

सा.बा.नी पुदिन्याचा चुरा पदरात बांधून ठेवला.

५ मे
घ.बा. आज मुद्दाम अंगणाच्या मधोमध येऊन उभी. मोठ्यांदा, "कुलूप लागल्याला बारा दिस झाले. झाडं आताच कशी वाळली बाई?"

  चारी बायका माझ्याकडं बघून राहिल्या होत्या, आणि त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं, हाव बाई, हीच चोर.

चाचा सुद्धा खाली मान घालून काजं करत बसले. ते जास्त लागलं.

हे म्हणतात, जाऊ दे, दुसरी खोली बघू. कुठं बघू? मी म्हटलं, खोली गेली तर गेली, पण चोर म्हणून जाणार नाही मी इथून.

६ मे
सापडलं!!! सापडलं सापडलं.

पहाटे वरचं शिंकं उतरवलं, म्हटलं निदान माती तरी बदलू. उचलवेना. दगडासारखं जड. आत चिखल. बोट घातलं तर कोमट, वास मारणारा. आणि त्याच्या खालचं? पिसासारखं हलकं, माती भाजलेली. वर पूर आणि खाली दुष्काळ. चिंधी ओढून बघितली, लाकूड झालेली. रंगानं भोक बंद. बाहेरून खापराला रंग, म्हणजे खापर पाझरतही नाही. पाझरत नाही म्हणून गारही होत नाही. वर गडद रंग, ऊन पिऊन बसतो. मातीचं भांडं काढून मी पुन्हा पत्र्याचा डबा टांगला होता!

ह्यांना हलवून उठवलं. "अहो, तुम्ही मारलीत." झोपेत घाबरून, "कुणाला?"

मग कळल्यावर बिचारे एवढं तोंड करून बसले. म्हटलं, बसू नका, उठा, घासायला लागा.

७ मे
रविवार म्हणून बरं. नऊ खापरं, चार जणं. काचकागद, विटेचा तुकडा, हे तर चाकूच्या पात्यानं. सा.बा. एकेक ठिपका खरवडताना म्हणत होत्या, "मह्या लेकानं नक्षी काढली, मह्या लेकानं." हे ऐकून घेत होते. दुपारी रहीमचाचा वर आले, एक खापर घेऊन बसले. घासता घासता म्हणाले, "बाई, मैं शक नै किया. पर बोल्या बी नै. वो गलती मेरी." मी नव्या चिंध्या मागितल्या. चाचांनी खाली दुकानात जाऊन नवा सुती कपडा फाडून आणला.

सदाफुलीचे शेंडे तोडून परत लावले. चिनी गुलाबाच्या काड्या टोचल्या. पुदिन्याची एक मुळी, करंगळीएवढी, पांढरी, जिवंत. सा.बा.नी स्वतःच्या हातानं लावली.

कुलूप अजून लागलेलंच आहे. मुद्दाम लागलेलंच राहू दे म्हटलं.

१३ मे
काड्या धरल्या. ओढून बघितल्या, येत नाहीत.

१७ मे
दहा वाजून पाच मिनिटं. हापिसला अर्धा तास उशीर केला, पण बघितलं. तीन फुलं. लाल दोन, राणी एक. खापरं कुरूप, खरवडलेली, कुठं कुठं हिरवा डाग. मला जगात याहून सुंदर काही नको.

खाली गेले. "काकू, कुलूप लागून चोवीस दिवस झाले. वर बघा."

बघितलं तिनं.  मग हौदाचं कुलूप काढून झाकण उचललं, आत वाकली आणि म्हणाली, "पानी तरी बी उतरून ऱ्हायलंय. तुमची दुसरी किल्ली आसल."

सा.बा. जिन्यातून ओरडल्या. काय ओरडल्या ते वहीत लिहिता येत नाही. जन्मभर घागर खाली धरलेली बाई, तिच्या तोंडून असलं काही ऐकेन असं वाटलं नव्हतं. शेजारच्या गल्लीत ऐकू गेलं. मला फार आनंद झाला.

१८ मे
दुसरी किल्ली नाही. मग पाणी जातं कुठं? हा आता माझाही प्रश्न झाला. मे संपायला तेरा दिवस.

घ.बा.चंच म्हणणं: हिरवं हाय तितंच पानी मुरतंय. बरं. मग माझ्या गॅलरीशिवाय या घरात अजून कुठं हिरवं आहे?

उद्या बघते.

१९ मे
सगळं घर पालथं घातलं. अंगण कोरडं. न्हाणी कोरडी. तिची तुळस काडी झालेली. (तिला ऐन दुपारी पाणी घालते. सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.) परसदारी काही नाही.

मग मागची बोळ. हौदाच्या पाठभिंतीमागं हातभर रुंद, कचरा टाकायची जागा, तिथं कुणी जात नाही. आडवी होऊन शिरले, साडी फाटली. आणि भिंतीच्या बुडाला, कोपऱ्यात, कचऱ्याखाली, हराळी. हिरवीगार, लुसलुशीत, बोटभर उंच. तिच्यात केना, निळ्या फुलाचं पावसाळी तण. मे महिन्यात! केना!

खाली बसले आणि हसत सुटले. ह्यांना वाटलं, साप चावला.

२० मे
घ.बा.ला म्हटलं, चला. "त्या घाणीत कामून येऊ?" म्हटलं, चोर दाखवते. आली.

आधी म्हणाली, "जुनी वल आसल." म्हटलं, जुनी ओल? पाऊस पडून किती महिने झाले? चाचांनी कुदळ आणली, ह्यांनी वीतभर उकरलं. चिखल. अजून वीतभर. खड्ड्यात पाणी गोळा व्हायला लागलं, स्वच्छ, हळूहळू, भिंतीकडून. हौदाचं बूड तडकलेलं होतं. रोज चार बोटं पाणी जमिनीला पाजून राहिला होता तिचाच हौद.

बोळ अरुंद. सगळ्या बायका तोंडाशी उभ्या, एकीच्या खांद्यावरून दुसरी. 

घ.बा. तिथंच त्या कचऱ्यावर बसली. "मह्याच हौदानं मला फशिवलं."

मी म्हटलं, "हौदाला तोंड नाही, काकू."

एवढंच. याहून जास्त तयारी केली होती, रात्रभर मनातल्या मनात वाक्यं जोडली होती. पण तिचं तोंड बघून नाही बोलले. आता वाटतं बोलायला हवं होतं. आता वाटतं बरं झालं नाही बोलले. दोन्ही.

सा.बा.नी हराळीची एक मूठ उपटून आणली. म्हणे, हिला शिंक्यात टांग. गवाही दिली तिनं.

टांगली.

२६ मे
गवंडी येऊन गेला. हौद रिकामा करून तड बुजवली, आतून गिलावा. पाणी नाही तोवर सगळे नगरपालिकेच्या टँकरवर. रांगेत घ.बा. माझ्या मागं उभी होती. रांगेत घागर सगळ्यांचीच खाली असते.

माफी नाही मागितली अजून. खोली खाली करा हेही पुन्हा नाही म्हणाली.

२ जून
हापिसात पत्र आलं. क्वार्टर मंजूर! नव्या वसाहतीत, तळमजला, घरात स्वतःचा नळ. पंधरा दिवसांत होकार कळवावा. मोठ्या साहेबांची सही, खाली जुन्याच जिल्ह्याचा शिक्का, त्यावर काट, हातानं 'लातूर'. अक्षर माझंच, आधीच शिक्का मारून ठेवलेल्या कोऱ्या कागदांतलं. आपलंच क्वार्टर आपल्याच हातानं!

ह्यांना केवढा आनंद. सा.बा. म्हणाल्या, "नळ? घरात? तोटी फिरिवली की?" हाव. मग जरा वेळानं, "अन् ही शिंकी कुटं टांगायची? तितं वासे हायती का?"

विचारायला हवं.

५ जून
हौद भरला. टँकरवाल्यानं पाइप सोडला, गिलाव्यावर पाणी आपटल्याचा आवाज लांबपर्यंत. सगळी गल्ली जमली. माझ्या रेघेच्या वर वीतभर आलं.

रोजच्यासारखे आम्ही घागर घेऊन गेलो. सा.बा. वाकल्या, घागर खाली धरली. घ.बा. हातात पोहरा घेऊन उभी. वतेना. मग पोहरा हौदाच्या काठावर ठेवला, तोंड दुसरीकडं फिरवलं आणि म्हणाली, "तुमीच काढून घेत जा आजपासून. मह्या कमरेत उसण भरती."

कुणाच्या कमरेत उसण भरली नव्हती. सगळ्यांना माहीत होतं. 

मी सा.बा.कडं बघितलं. त्यांनी पोहरा घेतलाच नाही. घागर बाजूला ठेवली, बांगड्या मागं सारल्या आणि हौदात हात घातला. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. तशाच राहिल्या. पाणी ढवळलं नाही, काढलं नाही, नुसता हात पाण्यात. सत्तर वर्षांचा हात. मी सा.बा.ना म्हटलं, "आत्या, भरायचं ना?" म्हणाल्या, "थांब जरा. गार हाय."

मी रडले. अंगणात, सगळ्यांदेखत, पदर न लावता. ह्यांनी पण डोळे पुसले, म्हणाले धूळ गेली.

मग आम्ही दोन्ही घागरी भरल्या. स्वतः.

७ जून
पुदिना टचटचीत. सा.बा. परत हुंगत फिरून राहिल्या. हे उद्या किनवटला जाणार. ऑइलपेंटचा डबा परत न्यायला सांगितलाय.

८ जून
संध्याकाळी घ.बा. वर आली. चार महिन्यांत पहिल्यांदा जिना चढली. गॅलरीत उभी राहून एकेक शिंकं बघितलं. चिंधीला बोट लावलं, बोट ओलं झालं तर बघतच राहिली. तांदळाचं पाणी कुठं ठेवता विचारलं. घमेलं दाखवलं.

"मला बी आसलं एक तीन मजली करून द्या. हौदावर टांगू."

"खापर मी देते. शिंकं तुम्ही विणा. आत्या शिकवतील."

खाली बसली. सा.बा.नी चहा पुढं केला. घेतला, प्याली. मी कपाकडं बघत होते, ते तिनंही बघितलं.

मग म्हणाली, "क्वार्टर भेटलं म्हनत्यात तुमाला."

"हाव."

"मग?"

"बघू."

"बगू न्हाई," ती म्हणाली. माझंच वाक्य, मला, माझ्याच गॅलरीत! हसू आवरेना. तिलाही आवरेना, पण तिनं दाबलं. "जाताव का ऱ्हाताव, काय ते सांगा. तसं खोलीचं सांगून ठेवीन म्या कुणाला तरी. तुमच्यावानी झाडं लावनारं कुणी भेटायचं न्हाई पन."

माफी अजून नाही. मी वाट बघून राहिले आहे आणि बघणार आहे. घरात नळ, स्वतःचा, तोटी फिरवली की. आणि इथं हा हौद. सा.बा. म्हणतात राहू. हे म्हणतात जाऊ. मला दोन्ही खरं वाटतं.

राणी रंगाच्या चिनी गुलाबाची एक काडी मोडून दिली तिला. म्हटलं, ही लावा. दुपारी पाणी घालू नका, सकाळी घाला. तुळशीलाही. आठ दिवसांनी हलकेच ओढून बघा, आली नाही तर धरली समजा.

काडी पदरात गुंडाळून, कठडा धरून सावकाश उतरली.

पत्राला उत्तर द्यायला नऊ दिवस उरलेत.